मदत हवी आहे: ट्राय-कॅच असूनही अख्खा व्यवहार रिव्हर्ट होतोय (उलटतोय)

नमस्कार मंडळी. देवगडच्या काही आंबा बागायतदारांसाठी सॉलिडिटी 0.8 (इथेरियमची प्रोग्रामिंग भाषा) मध्ये छोटा कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम, लिहितोय. पेट्या विकल्या गेल्या की लूप फिरतो आणि ज्याच्या त्याच्या वॉलेटवर टोकन (ब्लॉकचेनवरचे डिजिटल पैसे) जातात. एकाचं पेमेंट अडलं म्हणून बाकीच्यांचं अडू नये, म्हणून ट्रान्सफर ट्राय-कॅचमध्ये (ट्रायमधला कॉल फसला की कॅचमधला कोड चालतो) घातलंय.

टोकनच्या कॉन्ट्रॅक्टने स्वतः रिव्हर्ट केलं की कॅच चोख चालतो, नाव थकबाकीत जातं. पण एक टोकन ट्रान्सफर करूनही बूल (खरं/खोटं असं उत्तर) परत देतच नाही. तिथे कॅचकडे न जाता सगळंच उलटतं. माझ्या समजुतीप्रमाणे परतीचा डेटा आमच्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये डीकोड होतो, त्यामुळे ती चूक कॅचच्या हाती लागत नाही. पत्त्यावर कोडच नसेल तरी तीच गत.

आता लो-लेव्हल कॉल (परतीचा डेटा आपोआप डीकोड न करणारा) करून सक्सेस, डेटाची लांबी आणि कोड आहे का, हे स्वतः तपासू? की सेफ-ट्रान्सफर (बूल न देणारी टोकनही चालवून घेणारं ट्रान्सफर) वेगळ्या एक्सटर्नल फंक्शनमध्ये टाकून 'धिस'ने, म्हणजे कॉन्ट्रॅक्टने स्वतःलाच बाहेरून कॉल करून, बोलावू आणि त्याभोवती ट्राय लावू? दुसऱ्यात गॅस (व्यवहार चालवण्याचा खर्च) किती वाढेल?

'ज्याने त्याने आपलं काढून घ्यावं' हा मार्ग माहीत आहे, उत्तमच आहे. पण आमच्या वाडीतले आजोबा क्लेमचं बटण दाबत बसणार नाहीत हो!