चार्जर शोधायचं ॲप: ‘जवळचा’ आणि ‘उपलब्ध’ हे दोन्ही शब्द फसवतात

फुटाळा_कोडर
नागपूर आणि आसपासच्या ईव्हीवाल्यांसाठी (विजेवरच्या गाड्या) चार्जर शोधायचं ॲप करतोय. फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं साधन) नकाशा उभा झालाय, ठिकाणं ओपन चार्ज मॅप या चार्जरांच्या खुल्या यादीवरून घेतली. अडचणी तीन: समृद्धी महामार्गावरच्या गाडीला पलीकडच्या बाजूचा चार्जर ‘300 मीटरवर’ दिसतो, हिरवा (म्हणजे ‘उपलब्ध’) दिसणारा चार्जर बंद निघतो, आणि चार्जिंगला लागणारा वेळ साफ चुकतो.

नकाशेवाला
पहिली अडचण सरळ रेषेतल्या अंतराची. समृद्धीवर वाटेत यू-टर्न नाही, इंटरचेंजवरच उतरावं लागतं. त्यामुळे पलीकडचा चार्जर समोर दिसला तरी काही कामाचा नाही. पोस्टजीआयएसने (ठिकाणं साठवणारा डेटाबेस) आधी जवळची 10-15 ठिकाणं निवडा, मग ओएसआरएमकडून (रस्त्याने मार्ग काढणारं सॉफ्टवेअर) रस्त्याचं अंतर काढून क्रम लावा. गाडीची दिशाही त्याला द्या, नाहीतर तो गाडी चुकीच्या बाजूला धरतो.

गनच्या (गाडीत लावायच्या प्लगच्या) प्रकारानुसार आधी गाळा. जुन्या भारत डीसी-001 मशीनची गन जीबी/टी प्रकारची असते, सीसीएस-2 हा वेगळा प्रकार असलेल्या गाडीला ती बसतच नाही. नकाशावर मात्र दोन्ही ‘डीसी फास्ट’च.

ओसीपीपी_भाऊ
हिरव्याचा घोळ असा: मशीन आपली स्थिती बदलली की कळवतं. नेट किंवा लाइन गेली की कळवणारंच कोणी उरत नाही, आणि सर्व्हरवर शेवटचं ‘उपलब्ध’ तसंच चिकटून राहतं. ऑपरेटरने (चार्जर चालवणाऱ्या कंपनीने) हार्टबीट, म्हणजे मशीनचा ठरावीक वेळाने येणारा ‘मी चालू आहे’ हा संदेश, थांबल्यावर स्थिती बदलायला हवी, सगळे करत नाहीत.

तुम्हाला डेटा ओसीपीआयने (ऑपरेटर आणि ॲप यांच्यात माहिती देण्याघेण्याची ठरलेली पद्धत) मिळेल. तिथली ‘लास्ट अपडेटेड’ ही वेळ नोंद शेवटची कधी बदलली ते सांगते, शेवटची कधी तपासली ते नाही. चार तास जुनी वेळ म्हणजे मशीन चार तास मोकळं असेल किंवा मेलेलं असेल! म्हणून हिरव्या ठिपक्याऐवजी ‘शेवटचं यशस्वी चार्जिंग किती वाजता’ हे दाखवा. ऑपरेटर देत नसेल तर वापरणाऱ्यांकडून एका टॅपमध्ये घ्या: झालं, झालं नाही, गाडी अडकवून ठेवली आहे. तिसरं बटण विसरू नका. चार्जिंग संपूनही गन गाडीत असेल तर पुढच्यासाठी ते मशीन भरलेलंच.

बॅटरी_मास्तर
वेळ मशीनवर छापलेल्या आकड्याने काढू नका. मशीनची क्षमता, गाडीची मर्यादा आणि त्या गनच्या वाट्याला येणारी पॉवर, यातला सगळ्यात लहान आकडा घ्या. 60 किलोवॅटच्या दोन गनच्या मशीनवर शेजारी गाडी लागली की बहुधा 30-30 वाटणी होते. 30 किलोवॅट-तासांची बॅटरी 20 वरून 80 टक्क्यांवर न्यायला 18 किलोवॅट-तास लागतात, म्हणजे 30 किलोवॅटवर उत्तमात उत्तम 36 मिनिटं. 80 टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग पडतो, तो हिशेब वेगळा ठेवा. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर 3.3 किलोवॅट धरा, हेच काम तोटा धरून सहा तासांचं.

मे महिन्यात 45 अंशांत बॅटरी तापलेली असली की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) करंट कमी करते. त्यामुळे एकच आकडा देऊ नका, ‘36 ते 50 मिनिटं’ असं लिहा.

रेंजचंही तेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी 80 किलोमीटरवरून 120 ला गेलं की सव्वादोन पट. रिंग रोडवरची सरासरी समृद्धीला लावली तर गाडी मध्येच उभी राहील.

फुटाळा_कोडर
गाडीतला चार्ज ओबीडी डोंगलने (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) वाचता येईल का?

ओसीपीपी_भाऊ
काही मॉडेलवर. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, आणि ते जाहीर नसतात. पहिल्या आवृत्तीत टक्केवारी हातानेच भरून घ्या.