ऱ्हिदम हेवनमध्ये लॉकस्टेपच्या वर कोण?

तालभंग: ऱ्हिदम हेवन, म्हणजे निन्टेन्डोची तालावर खेळायच्या छोट्या छोट्या खेळांची व्हिडिओ गेम मालिका. तिचे पहिले चारही भाग खेळून झाले. २००६ चा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा (तेव्हा जपानबाहेर आलाच नाही), मग डीएस, वी आणि थ्रीडीएस या निन्टेन्डोच्याच यंत्रांवरचे. माझा निकष एकच: डोळे मिटून खेळता आला पाहिजे. म्हणून १) लॉकस्टेप २) एअर रॅली ३) ऱ्हिदम ट्वीझर्स. लॉकस्टेपमध्ये सगळे मात्रेवर पावलं टाकत असतात आणि इशारा आला की अर्धी मात्रा सरकून मधल्या जागेवर. तितक्यात कॅमेरा इतका लांब जातो की माणसांचे ठिपके होतात. डोळा कामाचाच राहत नाही, कानच हवा. असला दुसरा खेळ दाखवा.

पोझ_मार: दाखवतो. रिंगसाइड. लॉकस्टेप म्हणजे परीक्षा आहे राव, घाम फुटतो, मजा कुठंय? रिंगसाइडमध्ये पत्रकार बाईंची अगम्य बडबड, त्यावर पैलवानाचं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावणं, आणि मग फोटोसाठी पोझ. तिचा प्रश्नच ताल आहे. आणि चुकलो तरी हसू येतं, हे तुझ्या यादीतल्या कुठल्या खेळात होतं?

तालभंग: हसू मान्य. पण प्रतिसाद तीनच. दोन मिनिटांत सगळं बघून होतं.

पोझ_मार: आणि लॉकस्टेपमध्ये किती? डावा आणि उजवा?

अर्धीमात्रा: दोघंही डीएसवरचा ग्ली क्लब विसरलात. तिथं स्टायलस (टचस्क्रीनवर टेकवायची काडी) टेकवून ठेवला की गप्प, उचलला की गाणं. म्हणजे कधी गप्प बसायचं हे खेळायचं! कल्पना म्हणून मालिकेत याला तोड नाही. पण पहिला नंबर नाही देणार, कारण शेवटचा तो फ्लिक, म्हणजे स्टायलसचा झटका. वेळ अचूक असूनही झटका नोंदलाच जात नाही, असं माझं कितीदा झालंय. वीवर सरळ ए आणि बी बटणं आली तेव्हा सुटलो. लॉकस्टेप डीएसवर टिकला याचं अर्धं श्रेय त्यात नुसता टॅप आहे याला.

तालभंग: हे बरोबर आहे. फ्लिकमुळेच डीएसवरचे निम्मे खेळ मी यादीत घेतले नाहीत.

कुंडीफोड: कराटे मॅन (उडत आलेल्या कुंड्या तालावर ठोशानं फोडायच्या, तो खेळ) नसलेली यादी मी वाचत नाही. चारही भागांत आहे तो, उगाच नाही.

तालभंग: जुना आहे म्हणून वर घ्यायचा का?

कुंडीफोड: ठोसा बसल्याचा आवाज ऐक, मग बोल.

पोझ_मार: @तालभंग, तुझा निकष तपासला. आवाज पूर्ण बंद करून लॉकस्टेप खेळलो. जवळ असताना बाकीच्यांचे पाय बघून बऱ्यापैकी जमला. कॅमेरा लांब गेला आणि मेलो.

तालभंग: मग मी वेगळं काय म्हणत होतो?

पोझ_मार: अर्धा खेळ डोळ्यांनी झाला ना. अर्धा गुण काप.