३० मीटरच्या डाइव्हसाठी श्वासवायूचा हिशेब कसा मांडावा?

उथळपाणी

आजवरच्या माझ्या बहुतेक डाइव्ह १८ मीटरच्या आतल्या आहेत. १२ लिटरचे सिलिंडर, सुरुवातीला २०० बार (बार हे दाबाचे एकक), ४५ मिनिटांनी वर आल्यावर ६० बार शिल्लक आणि डाइव्ह कॉम्प्युटरवर सरासरी खोली १२ मीटर, हे चित्र जवळजवळ ठरलेले असते. नुकताच प्रथमच ३० मीटरवर गेलो. सिलिंडरमध्ये ३२ टक्के नायट्रॉक्स (३२ टक्के ऑक्सिजन असलेला, साध्या हवेपेक्षा कमी नायट्रोजनचा वायू) होता. उतरायला दोन मिनिटे लागली, तळाशी प्रवाह होता आणि चौदाव्या मिनिटाला गेज पाहिला तेव्हा काटा १०० वर आलेला होता. कॉम्प्युटरवर वेळ भरपूर शिल्लक दिसत असल्यामुळे आम्ही दोघांनी आणखी पाच मिनिटे तळाशीच काढली, मग सावकाश वर निघून ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (शरीरातला जादा नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा थांबा) घेतला. पृष्ठभागावर आलो तेव्हा माझ्याकडे ३५ बार उरले होते. ‘वर येताना ५० बार हवेत’ एवढाच नियम मला शिकवला गेला आहे आणि नेमका तोच मोडला. वायू इतक्या लवकर का संपला? १५ लिटरचे सिलिंडर घेतल्यास हा प्रश्न मिटेल का?

मंदश्वास

आपण आकडे नीट टिपून ठेवले आहेत, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरजच नाही. पृष्ठभागावर हवेचा दाब १ बार असतो आणि समुद्रात दर १० मीटरला तो साधारण १ बारने वाढतो. म्हणजे १२ मीटरवर एकूण दाब २.२ बार आणि ३० मीटरवर ४ बार. आपल्या नेहमीच्या डाइव्हमध्ये १४० बार, म्हणजे १४० गुणिले १२ अर्थात १६८० लिटर वायू ४५ मिनिटांत लागतो. त्याला आधी ४५ ने व मग २.२ ने भागले की पृष्ठभागावरचा श्वासदर मिळतो: मिनिटाला सुमारे १७ लिटर. आता खोल डाइव्ह पाहा. उतरतानाची दोन मिनिटे सरासरी २.५ बारवर आणि तळाची बारा मिनिटे ४ बारवर धरली, तर तेवढ्या वेळात खर्च झालेल्या १२०० लिटरवरून श्वासदर २३ च्या घरात निघतो. म्हणजे दाबामुळे खर्च वाढणार होताच, शिवाय प्रवाहाशी झुंजताना आणि कदाचित नव्या खोलीच्या धास्तीने आपला श्वासही वाढला. योजना नेहमी त्या परिस्थितीतल्या श्वासदरावर करावी, शांत पाण्यातल्या नव्हे.

तरीही माझ्या मते खरी चूक श्वासदरात नाही. ३५ बार उरले याची आपल्याला खंत वाटते, पण मला काळजी वाटते ती एकोणिसाव्या मिनिटाची. त्या क्षणी आपल्या सिलिंडरमध्ये सुमारे ६२ बार, म्हणजे ७४४ लिटर वायू होता. नेमका तेव्हाच सोबत्याचा वायू संपला असता तर? घाबरलेल्या दोन माणसांचा श्वासदर प्रत्येकी ३० लिटर धरू. एकमेकांना पकडून, पर्यायी रेग्युलेटर (सिलिंडरमधला वायू श्वासासाठी तोंडात देणारे साधन) तोंडात देऊन स्थिरावायला एक मिनिट: २४० लिटर. ५ मीटरपर्यंत मिनिटाला साधारण ९ मीटर वेगाने चढायला, सरासरी २.७५ बारवर, तीन मिनिटे: ४९५. सेफ्टी स्टॉप: २७०. शेवटचे मिनिट: ७५. एकूण १०८० लिटर, म्हणजे आपल्या सिलिंडरचे ९० बार. स्टॉप वगळून थेट वर आला असता तरी सुमारे ७४० लिटर लागले असते. आपल्याकडे ७४४ होते आणि सिलिंडरमधला शेवटचा बार न् बार रेग्युलेटर सहजी देत नाही.

म्हणून ५० बारचा नियम मी योजना मानत नाही, तो फक्त डाइव्हचा निकाल सांगतो. योजनेने सांगायला हवे ते हे, की तळ कधी सोडायचा. ३० मीटरवर, १२ लिटरच्या सिलिंडरसाठी तो आकडा ९० आहे आणि आपण १०० पाहिले तेव्हाच निघण्याची वेळ होत आली होती. २४०० मधून १०८० वजा केल्यावर उरणारे १३२० लिटर मिनिटाला ९२ लिटर (२३ गुणिले ४ बार) या दराने चौदा मिनिटेच पुरतात. १५ लिटरच्या सिलिंडरने याची एकवीस मिनिटे होतील, पण तळ सोडण्याचा आकडा ठरवला नसेल तर तीही तशीच उडून जातील.

नायट्रॉक्सबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. त्याने श्वासवायू जास्त वेळ पुरत नाही. नायट्रोजन कमी असल्यामुळे नो-डिकम्प्रेशनची वेळ (सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल तोवर खाली राहण्याची मुदत) वाढते एवढेच, आणि त्यामुळेच ‘कॉम्प्युटरवर वेळ आहे’ हा दिलासा आपल्याला फसवून गेला.

तळटीप

हिशेब पटला, पण २३ या आकड्याबद्दल मला शंका आहे. भरताना तापलेले सिलिंडर पाण्यात निवते आणि दाब आपोआप उतरतो. ४० अंशांवर २०० बार दाखवणारे सिलिंडर १० अंशांच्या पाण्यात १८० च्या आसपास येते. उथळपाणी यांचे काही बार श्वासात गेलेच नसतील, तर श्वासदर फुगलेला दिसेल.

शिवाय दोघांची सिलिंडरे वेगळ्या आकाराची असतील तर बार सांगून काही कळत नाही, लिटरच सांगावे लागतात. जिथून थेट वर येता येत नाही अशा गुहांमध्ये तर हा हिशेब पुरतच नाही. तिथे जाण्यासाठी एक तृतीयांश, परतण्यासाठी एक तृतीयांश आणि उरलेला राखीव, अशी विभागणी करतात.

मंदश्वास

शंका रास्त आहे, पण तिची पडताळणी त्याच डाइव्हच्या उत्तरार्धात मिळते. १०० वरून ३५ वर येताना ७८० लिटर गेले. तळाची पाच मिनिटे आणि वर येण्याचा सगळा काळ दाबाच्या हिशेबात मांडला तरी श्वासदर पुन्हा २३ च निघतो आणि तोवर सिलिंडर केव्हाच निवलेले होते.

उथळपाणी

सिलिंडर आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेले होते, त्यामुळे दोष माझ्या श्वासाकडेच जातो. सोबत्याच्या फिनच्या मागे राहू नये म्हणून मी सतत पाय मारत होतो, हे आता आठवते. पुढची डाइव्ह २४ मीटरवर ठरवली आहे. चढण्याची २.१ मिनिटे धरून राखीव वायू ८५८ लिटर निघाला, म्हणजे ७२ बार. मी तो ८० धरला. २०० पासून उरलेल्या १२० बारमध्ये, २३ लिटरच्या दराने, सुमारे अठरा मिनिटे मिळतात. हे बरोबर आहे का?

मंदश्वास

आकडेमोड बरोबर आहे. मात्र अठरा हा आकडा पाण्याबाहेरच्या २०० वर ठरवू नका. पाण्यात शिरून सिलिंडर निवल्यावर गेज पाहा. तो १८५ दाखवत असेल तर सोळाच मिनिटे उरतात. आणि सोबत्याचे सिलिंडर १० लिटरचे असेल, तर त्याच ८५८ लिटरसाठी त्याला ८६ बार लागतात, म्हणजे त्याच्या पाण्याखाली लिहायच्या पाटीवर ८० नव्हे, ९० लिहा.