शब्दचर्चा: ‘क्लच’ क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण?

मुक्ता: एनएफएलबद्दल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बोलताना, पास टाकून संघाची चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी ‘क्लच’ (ऐन मोक्याला चमकणारा), ‘कमबॅक’, ‘गेम-विनिंग ड्राइव्ह’ एकाच अर्थाने वापरतात. फरक काय? ‘क्लच’ला आपला क्रिकेटमधला ‘फिनिशर’ चालेल का?

केदार: कमबॅकसाठी चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये किंवा ओव्हरटाइममध्ये संघ मागे असावा लागतो. गेम-विनिंग ड्राइव्हला (ड्राइव्ह म्हणजे सलग चालींची एक चढाई) बरोबरीही चालते, फक्त तिथे घेतलेली आघाडी शेवटची ठरायला हवी. सामना मात्र दोन्हींत जिंकावाच लागतो, आणि गोम तिथेच आहे. फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना घ्या. अ‍ॅरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरच्या पासवर फिट्झजेराल्डने ६४ यार्डांचा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केला, अ‍ॅरिझोना २३-२० पुढे, जेमतेम अडीच मिनिटं बाकी. पुढच्याच ड्राइव्हमध्ये, ३५ सेकंद उरले असताना, समोरचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरने होम्सला पास देऊन पिट्सबर्गला २७-२३ जिंकून दिलं. वॉर्नरच्या खात्यात भोपळा. बचावफळीचं पाप त्याच्या माथी!

मुक्ता: मग पासर रेटिंगच (पासच्या आकड्यांवरून काढलेला गुणांक) बघावं.

शरद: तेही जपून. १९७३ पासूनच्या या सूत्रात चारच घटक आहेत: पूर्ण पासचं प्रमाण, आणि दर प्रयत्नामागे यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास). प्रत्येकाला ० ते २.३७५; बेरजेला ६ ने भागून १०० ने गुणायचं, म्हणून कमाल १५८.३. एकही पास पूर्ण न करता, फक्त इंटरसेप्शन टाळून ३९.६ मिळतात! सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), फंबल (हातून सुटलेला चेंडू), स्वतः पळून काढलेले यार्ड यांचा हिशेबच नाही.

फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटाच्या मॅट रायनचं रेटिंग १४४.१, न्यू इंग्लंडच्या ब्रॅडीचं ९५.२. अटलांटा २८-३ पुढे असूनही ओव्हरटाइममध्ये ३४-२८ हरला. चौथ्या क्वार्टरमध्ये न्यू इंग्लंडच्या हायटावरने रायनला सॅक करून त्याच्या हातून चेंडू पाडला. नंतर फील्ड गोलच्या (लाथेने तीन गुण मिळवण्याच्या) टप्प्यात असताना त्याच संघाच्या फ्लॉवर्सच्या सॅकने संघ मागे ढकलला गेला. दोन्ही घाव रेटिंगला दिसत नाहीत. अर्थात सॅकमध्ये क्वार्टरबॅकच्या संरक्षणाला उभ्या आक्रमक फळीचाही वाटा असतो, सगळं रायनवर ढकलू नये.

त्यापेक्षा हे बरं: (यार्ड + २० × टचडाउन − ४५ × इंटरसेप्शन − सॅकमध्ये गमावलेले यार्ड) ÷ (टाकलेले पास + सॅक). चौथ्या क्वार्टरमधल्या, गुणफरक ८ च्या आत असतानाच्या स्नॅप्सना (चालींना) हे सूत्र वेगळं लावा. एका हंगामात असे पास फार नसतात. दोन इंटरसेप्शननी आकडा कोसळतो, म्हणून तीन-चार हंगाम एकत्र धरा.

केदार: ‘फिनिशर’ नको. तो शेवटी फलंदाजीला येतो. क्वार्टरबॅक पहिल्या ड्राइव्हपासून मैदानात असतो, आणि पिछाडी बरेचदा त्यानेच ओढवलेली असते. ‘मोक्याला खेळणारा’ म्हणा, नाहीतर सरळ ‘क्लच’.