उत्तर: दिवाळीतलं 'हात लावून बघा' टेबल (चिल्ड्रन्स म्युझियमचा धागा)

नमस्कार मंडळी,
दिवाळीला मुलांसाठी टेबल मांडतोय. बॉस्टन चिल्ड्रन्स म्युझियममध्ये हात लावू देतात, ते पहिल्यापासूनच का? आणि आपण काय ठेवावं?
– बालविभाग

---

ताई,
पहिल्यापासून नाही. म्युझियम उभं राहिलं विज्ञानशिक्षकांच्या पुढाकाराने. १९१३ मध्ये बॉस्टनच्याच जमैका प्लेन भागातल्या पाइनबँक बंगल्यात दोन कपाटं होती: एकात पक्षी, दुसऱ्यात खनिजं आणि शिंपले. मांडणी मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणि माहिती सोप्या भाषेत, पण काच होतीच. काच हटली ती १९६२ मध्ये मायकल स्पॉक संचालक झाल्यावर (बालसंगोपनावरच्या गाजलेल्या पुस्तकाचे लेखक डॉ. स्पॉक यांचे चिरंजीव). 'आत काय आहे?' या प्रदर्शनात रोजच्या वस्तू मधोमध कापून दाखवल्या. त्याच दशकात शाळांसाठी खऱ्या वस्तू आणि कृती भरलेल्या पेट्याही तयार झाल्या. १९७९ मध्ये बिऱ्हाड बॉस्टनच्याच फोर्ट पॉइंट चॅनल या जलमार्गावरच्या जुन्या गोदामात हललं, तिथे क्योटोहून आणलेलं खरं घर पुन्हा जोडून उभं केलं. २००७ मध्ये इमारत वाढली.

आपल्याला पेटीचाच नमुना घ्यावा. माझं मत मापांना: चिपटं, मापटं, शेर, पायली आणि परातीत तांदूळ. २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेरांची पायली. हे सांगू नका, मुलांना भरून मोजू द्या. हात लागणार म्हणजे वस्तू झिजणार, तुटणार. म्हणून प्रत्येक वस्तू दोन ठेवा आणि आजीची एकुलती एक समई घरीच राहू द्या. झाकणाच्या आत वस्तूंचा फोटो आणि नगसंख्या चिकटवा, आवरताना ताळा लगेच जुळतो.

---

दादांना अनुमोदन, पण तीनच्या आतल्या मुलांचं काय? अमेरिकेतल्या खेळण्यांच्या सुरक्षेच्या नियमात लहान वस्तू तपासायची नळी ३१.७ मिमी व्यासाची असते. तिच्यात मावेल ती वस्तू घशात अडकू शकते, म्हणून या वयाला देत नाहीत. सागरगोटे, भातुकलीतली पळी-झाकणं सहज मावतात, ती वेगळ्या टेबलावर. गुंजा तर कुठल्याच टेबलावर नकोत. बी चावलं गेलं तर जीवघेणं विष आहे. कुंकवाच्या करंड्याही रिकाम्याच ठेवा, काही कुंकवांत शिसं सापडलेलं आहे.

तांदळाखाली जुनी चादर अंथरा. जमिनीवर सांडलेल्या दाण्यांवरून पाय घसरतो, आणि ते झाडताना हॉलची वेळ संपते.