मदत हवी आहे: सवाना मॉनिटरसाठी मोठा एन्क्लोजर बांधायचाय, माती आणि स्लॅबचं वजन (नाशिक)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, ही आपल्याकडची घोरपड नाही. आपली घोरपड वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, ती पाळायचं सोडा, नुसती पकडली तरी गुन्हा आहे. माझ्याकडे आहे तो आफ्रिकेतला सवाना मॉनिटर, घोरपडीच्याच जातकुळीतला मोठा सरडा, नाव भैरू. धाकट्या भावाने पिल्लू असताना आणला होता, २०२४ चे परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले तेव्हा सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केली, आणि आता भाऊ नोकरीसाठी जर्मनीला गेला तर जायच्या आधी हस्तांतरणाची नोंद करून भैरू माझ्याकडे आला. कागद सगळे आहेत. त्यामुळे कृपया "सोडून द्या" असं कोणी सुचवू नका, परदेशी प्राणी इथल्या रानात सोडणं त्याच्यासाठीही वाईट आणि इथल्या जनावरांसाठीही.

भैरू आता नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३४ इंच आहे, वजन २ किलो ८००. राहतो ४ फुटी काचेच्या टाकीत, वर जाळीचं झाकण, एक १०० वॅटचा बल्ब आणि खाली ३ इंच कोकोपीट. भाऊ टाकी खिडकीपाशी ठेवायचा, ऊन मिळावं म्हणून. पण काचेतून यूव्हीबी (उन्हातले हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) येतच नाही, नुसती टाकी तापते, हे मला गेल्या महिन्यात कळलं आणि खूप वाईट वाटलं. दिवसभर तो एकाच कोपऱ्यात काच खरवडत असतो. कात निघते पण बोटांच्या टोकांना आणि शेपटीला चिकटून राहते, मी कोमट पाण्यात बसवून हळूहळू सोडवते. पोट जमिनीला घासतं. खाणं म्हणजे आत्तापर्यंत चिकन, अंडी आणि उंदीर, कारण आणायला सोपं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं ठीक आहेत, चरबी फार आहे. ते म्हणाले ताई, मी जास्त करून कुत्री आणि गायी बघतो, पण याला जागा आणि खाणं दोन्ही बदला. एवढं सरळ सांगितलं हे मला आवडलं.

खाणं बदललंय. हे प्राणी मूळचे सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ भागातले, तिथे ते किडे, गोगलगायी, विंचू, पैसा-किडे असलं खातात आणि कोरड्या दिवसांत बिळात पडून राहतात. म्हणून घरात डुबिया झुरळांची कॉलनी सुरू केलीय, कॅल्शियम पावडर लावून देते, उंदीर बंद. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आता तीच झुरळांच्या डब्यात गाजराचे तुकडे टाकते. बागेतले किडे मात्र देत नाही. आमच्याकडे आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा, किती फवारण्या होतात ते तुम्हाला माहितीये, एखाद्या टोळाच्या अंगावर काय बसलंय कोण सांगणार.

आता खरा प्रश्न जागेचा. वाचून आणि दोन अनुभवी लोकांशी बोलून एवढं समजलंय की पूर्ण वाढलेल्याला कमीत कमी ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच पेटी लागते, बल्बखालची जागा ५५ ते ६० डिग्रीपर्यंत तापली पाहिजे (टेम्परेचर गनने मोजलं तर आमची ४१ भरली!), दुसरं टोक २५-२७ ला, आणि ती उष्णता एका ठिपक्यावर न पडता पूर्ण अंगावर पडावी म्हणून एका मोठ्या बल्बऐवजी दोन-तीन हॅलोजन फ्लड (पसरट झोताचे दिवे) शेजारी शेजारी. सोबत ४ फुटी टी५ यूव्हीबी ट्यूब. हॅलोजन मिळून १५० वॅट आणि ट्यूब ५४ धरली तर १२ तासांचे रोज अडीच युनिट, महिन्याला ७०-७५. तेवढं परवडेल. जाळीचं झाकण बाद, कारण त्यातून ओल आणि ऊब दोन्ही उडून जाते.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माती. दीड-दोन फूट खोल, बीळ टिकेल अशी ओलसर माती. काच खरवडतोय ते बहुतेक याचसाठी. बिळात दमटपणा असतो म्हणून कातही नीट सुटते म्हणे.

मी राहते पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर. सुताराला बोलावलं, बाहेरच्या खोलीचं माप घेतलं, प्लायचा हिशेब झाला, आणि रात्री सहज मातीचं वजन काढायला बसले. ८ गुणिले ४ गुणिले २ म्हणजे ६४ घनफूट. ओली माती घनफुटाला ४० किलोच्या पुढेच. म्हणजे अडीच टनाच्या वर! राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून केलेला असतो, माझी पेटी ३ चौरस मीटरची, म्हणजे ६०० किलोचा हिशेब आणि मी ठेवणार त्याच्या चौपट. सकाळी सुताराला फोन करून थांबवलं. फ्लॅटमध्ये एन्क्लोजर बांधायचा विचार करणाऱ्या कोणालाही सांगते, प्लाय घ्यायच्या आधी हा गुणाकार करा.

मग उरलं बाबांचं मखमलाबादचं जुनं घर. तळमजला, शहाबादी फरशी, दोन खोल्या रिकाम्या. मोठी खोली सोयीची आहे पण तिथे बरीच वर्षं फवारणीची औषधं आणि पंप ठेवायचे, अजून पावसाळ्यात वास येतो. धुऊन, रंग देऊन ती वापरता येईल का? मला भीती वाटते, हा प्राणी दिवसभर जीभ बाहेर काढून जमीन चाटत फिरणार. दुसरी खोली लहान आहे, १० बाय ९, पण स्वच्छ.

मातीची ट्रायल मी गॅलरीत तीन बादल्यांत केली. काळी माती ओली असताना छान वाटली, वाळल्यावर बोटभर भेगा आणि बोगदा कोसळला. नुसती नर्सरीची लाल माती बरी पण वरून भुगा होते. लाल माती आणि चाळलेली वाळू ७०:३० करून, पाणी शिंपडून, हाताने दाबून बसवली त्यात पाइपने पाडलेलं भोक आठ दिवस झाले तसंच आहे. नर्सरीवाल्याला खत न मिसळलेली हवी म्हणून तीनदा सांगावं लागलं. कोणी याच्यापेक्षा चांगलं मिश्रण वापरलंय का? मुरूम टाकू नये ना, नखं जातील असं वाटतं.

आणि पेटी कशाची करू? मरीन प्लायला आतून इपॉक्सी मारली तरी दोन फूट ओल्या मातीसमोर किती वर्षं टिकेल? गवंडी म्हणतो खालचे अडीच फूट विटांचे बांधून देतो आणि वर लाकडी चौकट, सरकती टफन काच. कोणी असं केलं असेल तर फोटो टाका प्लीज.

अपडेट (४ दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार. औषधांची खोली बाद केली, तुम्ही सगळ्यांनी एकसुरात नाही म्हटलं ते बरं झालं. लहान खोलीत विटांचंच करतेय. ज्या दादांनी घुशींचं लिहिलं त्यांना स्पेशल थँक्यू, मी फरशी काढून थेट जमिनीवर माती टाकणार होते, मखमलाबादला घुशी खालून पोखरत आल्या असत्या आणि हा खालून खोदून बाहेर गेला असता ते वेगळंच. आता फरशी तशीच, त्यावर वॉटरप्रूफ प्लास्टर, आणि सिमेंट तीन आठवडे पाणी मारून, नंतर धुऊन, पूर्ण वाळवून मगच माती. तोपर्यंत भैरूला फ्लॅटमध्येच एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये एक फूट माती करून दिलीय. पहिल्या रात्री तो पूर्ण आत गेला, नुसतं शेपटीचं टोक बाहेर, मी साडेबारापर्यंत बघत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून काच खरवडणं जवळजवळ थांबलंय.

एकच गोष्ट अजून सुटली नाहीये. डिसेंबर-जानेवारीत मखमलाबादला पहाटे १० च्या खाली जातं आणि जुन्या घराला वर पत्रे. रात्री पेटीत सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा) थर्मोस्टॅटला जोडून लावू, की खोलीच गरम ठेवू? लाईट गेली तर इन्व्हर्टरवर हीटर किती वेळ चालेल? ज्यांनी नाशिकचा, निफाडचा हिवाळा असा प्राणी घेऊन काढलाय त्यांनी आवर्जून लिहा, माझ्या हातात दिवाळीपर्यंतचा वेळ आहे.