सोसायटीच्या खताच्या हौदाला वास येतोय, काय चुकतंय?

कोथरूड_४०_फ्लॅट: ओल्या कचऱ्याचे विटांचे दोन हौद आहेत. रोज साधारण 20 किलो कचरा पडतो. पावसाळा लागल्यापासून कुजका वास आणि अळ्या. कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पावडर दुप्पट केली, फरक नाही. सभासद म्हणतात, हौद बंद करा आणि सगळं महापालिकेच्या गाडीत द्या.

माती_आणि_खत: पावडर वाढवू नका. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. नाकाला झोंबणारा असेल तर सुका पाला कमी पडतोय. भाजीपाल्यात बहुतेक पाणीच असतं. एक बादली ओल्यावर किमान एक बादली सुका पाला हवाच. मूठभर खत आवळून बघा: बोटांतून पाणी गळलं तर भुसा घाला, एखाददुसरा थेंब आला तर ठीक. आठवड्यातून दोनदा तळापर्यंत उलटा. वर पत्रा हवा आणि तळाचं पाणी जायला भोक मोकळं हवं. पावसाळ्यात निम्मी दुखणी इथलीच असतात.

वॉर्ड_मित्र: अळ्यांनी खत बिघडत नाही, माश्या मात्र वाढतात. रोज वर दोन इंच कोरडा थर द्या, माशीला अंडी घालायला ओलं मिळत नाही. करवंट्या, कोयी, हाडं वेगळी ठेवा.

खरी अडचण हौदांची असावी. खत व्हायला 40-45 दिवस लागतात. एक भरून बंद केल्यावर दुसऱ्याने तेवढे दिवस पुरायला हवं. तो आधीच भरत असेल, तर तुम्ही कच्च्यावरच कच्चं टाकताय. तिसरा बांधा.

कोथरूड_४०_फ्लॅट: आत्ता पाला कुठून आणू?

माती_आणि_खत: आत्ता नाही मिळणार. वखारीतला लाकडाचा भुसा आणा, प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवू नका, कोरडीच कुस्करा. चाळणीवर उरलेलं जाड खत परत हौदात टाका, तेच उत्तम कल्चर. पानगळीत पाल्याची पोती भरून कोरड्या जागी ठेवा.

वॉर्ड_मित्र: हौद बंद करण्याआधी एक लक्षात घ्या. 2016 च्या घनकचरा नियमांपासून कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक आहे, त्यामुळे गाडीत दिलात तरी ती मेहनत टळत नाही. 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या लोकांच्या कमाईचा एक भाग सुक्या मालाच्या विक्रीतून येतो. आमटीत भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो तुकडा हाती लागत नाही. पिशवी धुवून द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल खूण करून द्या. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती अखंड आणि वेगळी.